भागानगरची वाट : नांदेडच्या उंबरठ्यावरून बागांच्या शहराकडे

१/२७
दक्षिणेतील उद्याननगरी म्हटले की आज बंगळूरचे नाव पुढे येते. त्या लौकिकाचा मूळ पाया असलेला लालबाग हैदरअलीने १७६० च्या सुमारास वसवण्यास घेतला. त्याच्याही दीडशे वर्षे आधीपासून दख्खनेत एक नगर बागांसाठी ख्यातकीर्त होते. मराठी कागदपत्रांत त्याचे नाव 'भागानगर'. आजचे हैदराबाद.

२/२७
पुण्या-साताऱ्याच्या इतिहासात भागानगर मोहिमेच्या किंवा तहाच्या निमित्ताने येते. नांदेड, लातूर, परभणीच्या इतिहासात मात्र ते सतत हजर आहे. कधी शेजारचे परराज्य, कधी राजधानी, कधी विद्यापीठ, कधी न्यायाचे शेवटचे दार. या नगराकडे जाणारी वाट नांदेडवरून कशी गेली आणि त्या वाटेने कोण कोण गेले, त्याचा हा धागा.

३/२७
आरंभ नगराच्या जन्मापासून. गोवळकोंड्याचा पाचवा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने हिजरी सन १००० म्हणजे इ. स. १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसवले. किल्ल्याच्या तटाआड दाटी झाली होती. त्याचा पिता इब्राहीम याच्या कारकिर्दीतच हुसेनसागर तलाव (१५६२) आणि मुसीवरील पूल (१५७८) तयार झाले होते. पाणी आणि वाट यांची सोय आधी झाली, नगर नंतर उभे राहिले.

४/२७
नगररचनेचे श्रेय पेशवा मीर मोमीन अस्तराबादी या इराणी विद्वानाला दिले जाते. मध्यभागी चारमिनार आणि तेथून चार दिशांना फुटणारे चार रस्ते. इराणी 'चहारबाग' म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन वाटांनी चार खंडांत विभागलेली बाग. भागानगरच्या आराखड्यात याच चौरस विभागणीची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. म्हणजे बागा शहरात होत्याच; शिवाय शहराची आखणीही बागेच्या धर्तीवर झाली होती.

५/२७
बाग म्हणजे पाणी. तेलंगणाच्या खडकाळ, उंचसखल भूमीत बारमाही पाणी सहज मिळत नाही. काकतीयांच्या काळापासून या प्रदेशाने त्यावर तलावांचा उपाय शोधला होता. उतारावर बांध घालायचा, पाणी साठवायचे, पाटाने खाली उतरवायचे. कुतुबशाहीने हा देशी वारसा उचलला आणि त्याला इराणी कारंजी, हौद व मातीच्या नळांची जोड दिली. गोवळकोंडा किल्ल्यावर पाणी चढवण्यासाठी वापरलेल्या अशा नळांचे अवशेष आजही दिसतात.

६/२७
या बागांची कीर्ती युरोपापर्यंत पोहोचली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये हिऱ्यांच्या शोधात गोवळकोंड्याला अनेकदा आला. १६७६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो राजवाड्याच्या गच्च्यांवरील बागांचे नवल करतो. तेथे एवढे मोठे वृक्ष वाढले होते की खालच्या कमानी त्यांचा भार कसा पेलतात, हेच त्याला कळेना. मुसीवरील पुलाची तुलना तर तो पॅरिसच्या प्रसिद्ध पुलाशी करतो.

७/२७
सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याचा मार्गही ताव्हर्निये मुक्कामवार देतो. दौलताबाद, औरंगाबाद, अंबड आणि पुढे 'नादूर'. हे नादूर म्हणजे नांदेड. येथे गंगेला मिळणारी एक नदी ओलांडावी लागते, दर गाडीमागे चार रुपये द्यावे लागतात आणि सुभेदाराकडून लेखी परवाना घ्यावा लागतो, असे तो नोंदवतो. मराठवाड्यात गोदावरीलाच 'गंगा' म्हणतात. परक्या प्रवाशाचा भूगोल थोडा घोटाळला असला, तरी त्या वाक्यात नांदेडचे तत्कालीन रूप चोख उमटले आहे.

८/२७
चार रुपये आणि लेखी परवाना कशासाठी? कारण नांदेड हे सीमेलगतचे ठाणे होते. निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये शाहजहानने दख्खनेतील मुलखाची व्यवस्था चार सुभ्यांत लावली. त्यांपैकी एका सुभ्याचे नाव 'तेलंगण' आणि त्याचे मुख्य ठाणे नांदेड. आजच्या वाचकाला हे उलटे वाटेल. पण मोगल दप्तरात तेलंगणाची सुरुवात गोदावरीकाठी, नांदेडापासून होत असे. तेथून दक्षिणेस निघालेला प्रवासी काही मुक्कामांनंतर कुतुबशाही हद्दीत शिरे.

९/२७
आता नावाचा प्रश्न. 'भागानगर' हे भागमतीवरून आले की बागेवरून? भागमतीची कथा सर्वश्रुत आहे. तरुण राजपुत्राचे एका नर्तकीवर प्रेम जडले आणि पुढे त्याने तिच्या नावाने शहर वसवले. ही कथा निव्वळ नंतरची कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. अकबराचा दूत म्हणून दख्खनेत आलेला फैजी आणि विजापूरचा इतिहासकार फिरिश्ता, दोघेही मुहम्मद कुलीचे समकालीन. आणि दोघेही या स्त्रीचा व नगराच्या नावाचा संबंध जोडतात.

१०/२७
विरुद्ध बाजूही भक्कम आहे. कुतुबशाही राजघराण्याच्या कबरींमध्ये भागमतीची कबर नाही. तिच्या नावाचा शिलालेख किंवा नाणे नाही. फैजी मोगलांचा माणूस, फिरिश्ता विजापूरचा आश्रित. गोवळकोंड्याविषयीची कुजबुज पसरवण्यात दोघांनाही संकोच नव्हता. कुतुबशाहीचे थोर अभ्यासक हारून खान शेरवानी यांनी या आधारांवर भागमतीची कथा नाकारली आणि 'बाग-नगर' म्हणजे बागांचे नगर, ही व्युत्पत्ती मांडली.

११/२७
युरोपीय साक्षीचे काय? ताव्हर्निये 'बाग' हाच अर्थ देतो. मात्र ती बाग 'नगर' नावाच्या राणीची होती, असे सांगून तो घोळ घालतो. १६६७ मध्ये आलेला थेवनो लिहितो की या राजधानीला बागनगर म्हणतात, इराणी लोक मात्र तिला हैदराबाद म्हणतात. येथे एक सावधगिरी हवी. फ्रेंच कानाला 'ब' आणि 'भ' यांतील भेद कळत नाही. त्यामुळे त्यांच्या लेखनावरून मूळ शब्द 'बाग' होता की 'भाग', याचा निवाडा करता येत नाही.

१२/२७
मराठी कागदांतील 'भागानगर' हे रूपही निर्णायक ठरत नाही. परक्या शब्दाला आपल्या जिभेचे वळण देणे ही मराठीची जुनी सवय. 'बाग'चा 'भाग' होणे किंवा 'भागमती'चे आखूड होणे, दोन्ही शक्य आहे. थेवनोच्या नोंदीतून एक गोष्ट मात्र निश्चित होते. दरबारी फारसीत हैदराबाद आणि लोकांच्या तोंडी भागानगर, अशी दोन नावे एकाच वेळी नांदत होती. मराठ्यांनी लोकांचे नाव उचलले आणि अठराव्या शतकाअखेरपर्यंत आपल्या पत्रव्यवहारात तेच चालवले.

१३/२७
बागांचे हे शहर जितके देखणे, तितकेच असुरक्षित होते. गोवळकोंड्याला तट होता; भागानगर उघडे होते. त्याची पहिली मोठी किंमत १६५६ मध्ये मोजावी लागली. मीर जुमल्याच्या मुलाला कुतुबशाहाने कैद केल्याचे निमित्त करून दख्खनचा सुभेदार औरंगजेब याने चढाई केली. पुढची फौज त्याचा मुलगा मुहम्मद सुलतान याच्याकडे होती. जानेवारी १६५६ मध्ये ही फौज सीमा ओलांडून निघाली ती नांदेडवरूनच.

१४/२७
पंधरवड्यात मोगल घोडदळ हुसेनसागराच्या काठी पोहोचले. अब्दुल्ला कुतुबशाह शहर सोडून गोवळकोंड्याच्या आश्रयास गेला आणि मागे राहिलेले भागानगर लुटले गेले. ज्या वाटेने हिऱ्यांचे व्यापारी, शेले आणि उंची घोडे जात, त्याच वाटेने लुटीची फौज गेली. व्यापाराचा रस्ता आणि स्वारीचा रस्ता वेगळा नसतो. नांदेडने दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत पाहिले.

१५/२७
यानंतर एकवीस वर्षांनी, १६७७ च्या आरंभी, या नगराने एक निराळी फौज पाहिली. कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले छत्रपती शिवाजी महाराज भागानगरला आले; पण चढाई करून नव्हे, पाहुणे म्हणून. गादीवर अबुल हसन कुतुबशाह होता आणि कारभार मादण्णा व आक्कण्णा या बंधूंच्या हाती होता. भेटीची भूमिका रघुनाथ नारायण हणमंते आणि मराठ्यांचे वकील प्रल्हाद निराजी यांनी तयार केली होती.

१६/२७
कृष्णाजी अनंत सभासद याने या प्रवेशाचे वर्णन रंगवून केले आहे. शृंगारलेले रस्ते, कुंकुम-केशराचे सडे, ओवाळणाऱ्या स्त्रिया, उधळलेली सोन्यारुप्याची फुले. महाराजांनीही आपल्या लोकांना या प्रसंगासाठी मुद्दाम सजवले होते. डोंगरदऱ्यांतील सैन्य दख्खनच्या सर्वांत श्रीमंत शहरात शिरत होते. आपण लुटारू नव्हेत, राजसत्ता आहोत, हे त्या पोशाखातून सांगायचे होते. कुतुबशाही मुलखातून जाताना रयतेला उपद्रव देणाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या, हाही त्याच धोरणाचा भाग.

१७/२७
बखर वाचताना एक भान ठेवावे लागते. सभासदाने ती १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. घटना वीस वर्षे मागे पडली होती आणि कुतुबशाही बुडूनही दहा वर्षे झाली होती. येसाजी कंकाने हत्तीशी झुंज दिल्याची गोष्ट या भेटीशी जोडली जाते, तीही परंपरेने आलेली आहे. तिच्यावर प्रेम करायला हरकत नाही. पण तिला दप्तरी पुराव्याच्या रांगेत बसवू नये.

१८/२७
भक्कम पुरावा आहे तो पत्राचा. याच सुमारास महाराजांनी मालोजी घोरपडे यांना एक दीर्घ पत्र लिहिले. भोसले आणि घोरपडे यांचे जुने वैर बाजूला ठेवून विजापुरी पठाणांची चाकरी सोडावी, कुतुबशाहीच्या छत्राखाली एकत्र यावे आणि दख्खनचे राज्य दख्खनी माणसांच्या हाती राखावे, असा त्याचा आशय. येथे 'दख्खनी' या शब्दात मराठा सरदार, तेलुगू ब्राह्मण मंत्री आणि मुसलमान सुलतान एकाच बाजूला उभे आहेत. दिल्लीच्या आक्रमणाला दख्खनेचे हे राजकीय उत्तर होते.

१९/२७
हे उत्तर फार काळ टिकले नाही. १६८० मध्ये महाराज निवर्तले. १६८५ मध्ये मोगल फौजेने भागानगर पुन्हा लुटले. १६८६ मध्ये मादण्णा-आक्कण्णांची हत्या झाली. १६८७ च्या सप्टेंबरात, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, फितुरीने दार उघडले गेले आणि गोवळकोंडा पडला. बागांच्या शहराचा शेवटचा सुलतान कैदी होऊन मराठवाड्यात आला. दौलताबादच्या चिनी महालात त्याची अखेरची वर्षे गेली. त्याची कबर गोवळकोंड्याच्या राजघराण्याच्या घुमटांमध्ये नाही. ती खुलताबादेत आहे.

२०/२७
वाटेचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. औरंगजेबानंतर बहादूरशाह आपला भाऊ कामबक्ष याच्यावर हैदराबादेस चालून निघाला, तेव्हा गुरू गोविंदसिंग त्याच्या छावणीसोबत नांदेडपर्यंत आले होते. ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदातीरी गुरूंचे देहावसान झाले. बादशाह पुढे गेला आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्षाचा पराभव झाला. लढाई आज फारशी कुणाला आठवत नाही. वाटेवरचा तो मुक्काम मात्र सचखंड म्हणून जगभरच्या शिखांचे तीर्थ झाला.

२१/२७
आसफजाही राजवटीची राजधानी आरंभी औरंगाबाद होती. १७६० मध्ये उदगीरला मराठ्यांकडून पराभव पत्करलेल्या निजामअलीने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला नेली. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे नांदेड आणि लातूर परिसराची राजधानी म्हणजे हैदराबाद. बागांची हौस नव्या राज्यकर्त्यांनाही होती. बाग-ए-आम १८४६ मधील. बशीरबाग, जामबाग, किशनबाग, बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेठ ही नावे आज बसच्या पाट्यांवर उरली आहेत. बहुतेक ठिकाणी बाग गेली, नाव राहिले.

२२/२७
विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि बैलगाडीचे अनेक मुक्काम एका रात्रीत बसले. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने हैदराबादेत विवेकवर्धिनी ही शाळा उभी केली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा हा मोठा प्रयोग होता. पण ती भाषा उर्दू होती. राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती.

२३/२७
मराठवाड्यातील हुशार मुलासमोर त्यामुळे विचित्र पेच असे. घरात मराठी, कचेरीत उर्दू, विद्यापीठातही उर्दू. या पेचातून दोन गोष्टी निपजल्या. एक म्हणजे बंड. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या आग्रहावरून उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांतले अनेक जण पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्या लढ्याचे फळ होय.

२४/२७
दुसरी गोष्ट म्हणजे विद्या. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत होते. उर्दू-फारसीवरील प्रभुत्वामुळे त्यांनी मोगल दरबारची कागदपत्रे मराठीत आणली आणि शिवकालाकडे शत्रूच्या दप्तरातून पाहण्याची दृष्टी दिली. नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इस्लामी परंपरेशी परिचय असलेला त्यांचा इतिहासविचार घडण्यात हैदराबादच्या वातावरणाचा वाटा होता. ज्या राजवटीशी झगडा झाला, तिच्याच भाषेने मराठी इतिहासलेखन समृद्ध केले.

२५/२७
देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. हैदराबादच्या दख्खनी बोलीतला सर्वांत ठसठशीत शब्द कोणता? 'नक्को'. दिल्ली-लखनौच्या उर्दूला तो ठाऊक नाही. तो मराठी 'नको'च आहे. कुतुबशाही कवींच्या दख्खनीतही मराठी शब्द सापडतात. सैन्ये सीमा ओलांडताना परवाना मागत नाहीत, हे १६५६ ने दाखवले. शब्दही मागत नाहीत. पण ते लुटून नेत नाहीत, घर करून राहतात.

२६/२७
१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन भाषिक भागांत विभागणी झाली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. भाषेच्या न्यायाने हे योग्यच होते, आणि त्यासाठी लोकांनी सोसलेही होते. पण व्यवहाराची वाट उलटली. पावणेतीनशे किलोमीटरवरचे उच्च न्यायालय सुटले आणि सहाशे किलोमीटरवरची मुंबई आली. औरंगाबादला खंडपीठ सुरू होण्यास १९८१ उजाडले. नांदेडचा रेल्वे विभाग तर नव्या शतकातही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेशी जोडलेला राहिला.

२७/२७
राजधानी बदलली, तरी दप्तर तेथेच राहिले. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातील दख्खनचे हजारो फारसी कागद आणि निजामी राजवटीचे महसुली अभिलेख हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमलेल्या समितीलाही हैदराबाद गाठावे लागले. आजच्या तरुणाच्या दाखल्याचा प्रश्न निजामाच्या नोंदवहीपाशी जाऊन पोहोचतो, तेव्हा इतिहास हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. तो कागद वाचणारे लोक मात्र कमी होत चालले आहेत. मोडी आणि फारसी शिकलेला नांदेड-लातूरचा एक तरुणही या वाटेवर पुढे बरेच काही शोधू शकेल. भागानगरच्या गच्चीवरल्या बागा केव्हाच गेल्या. त्यांच्या सावलीत लिहिलेले कागद अजून वाचायचे आहेत.